घडीची जागा

उज्वलाने डावीकडे मूळ फाइल ओढली, उजवीकडे स्वतः केलेली. दोन्ही एकदम सरकतील असं केलं आणि माउसचं चाक फिरवलं. सतराव्या ओळीवर दोन्हीकडे तांबडा चौकोन आला. तपासणीच्या साऱ्या यादीत तेवढाच तांबडा: ‘छातीत गाठ, संशयास्पद’. चौकोन एकाच जागी होता, पण शेजारची नावं वेगळी होती. उजवीकडे सिंधुबाई. डावीकडे भागीबाई.

“सापडलं का काही?” पलीकडच्या टेबलावरून शेखरसरांनी विचारलं.

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत लावला. नाव बदललं नाही. बदलणार कसं, मेलं!

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या आरोग्यसंस्थेची गाडी नांदगावकडच्या एका गावात गेली होती. बायकांची तपासणी झाली, निकाल नाशिकच्या ऑफिसात आले. ते यादी करून गावाला धाडायचं काम उज्वलाचं. सिंधुबाईंना गाठ आहे म्हणून कळवलं गेलं. त्या धसक्याने अंथरुणालाच खिळल्या, पुढच्या तपासणीला जायचं नाव घेईनात. शेवटी मुलाने बळेच नाशिकला आणलं. दोनदा तपासलं, दोन्हीदा काहीच निघालं नाही. काल तो ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटून गेला होता.

चूक कुठे झाली ते उज्वलाला आता लख्ख दिसत होतं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावात तिथल्या आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका, यादी वाचत होत्या, तेव्हा बायका खांद्यावरून डोकावल्या आणि एकीचा निकाल तिच्याआधी तिच्या सासूला कळला. सासूने त्याच दिवशी तिचं ताट वेगळं केलं. उज्वलाच्या जिवाला ते फार लागलं. तेव्हापासून ती नाव आणि निकाल यांच्यामध्ये एक रकाना कोरा सोडायची. छापलेल्या कागदाला तिथे घडी घातली की निकाल आत झाकला जायचा. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

यंदा या गावच्या आशाताई म्हणाल्या, नावं शोधताना जीव जातो, ओळीने लावून द्या. तिने नावं अकारविल्हे लावली. संगणक त्या कोऱ्या रकान्यापाशी थांबला. अलीकडची नावं हलली, पलीकडचे निकाल जागच्या जागी राहिले. करायला गेली एक आणि झालं भलतंच!

शेखरसर तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या.

“फोन मी करू का?”

“नको सर. घडी माझी होती.”

भागीबाईंना ती ओळखत होती. निकाल चांगला आला म्हणून त्या एसटीने शेंगांची पिशवी घेऊन ऑफिसात आल्या होत्या. ‘तुझ्या कागदानं जीव भांड्यात पडला बाई,’ म्हणाल्या होत्या.

तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

“भागीबाई, मी उज्वला. नाशिकहून.”

“अगं बाई, ताई! आत्ताच तुझं नाव काढलं. शंभर वर्सं आयुष्य हाय तुला.”

उज्वलाने फोन दोन्ही हातांनी धरला.

“सिंधूच्या पोरानं काल पेढे वाटले. तिला काय नाय म्हणं! मी रोज जायची गं तिच्याकडं, भाकरी थापून द्यायची. रडून रडून नुसती काडी झाली व्हती. म्हटलं, रडू नको, देव हाय. पावला बघ.”

“भागीबाई, जरा ऐका ना…”

“पन मला येक सांग.” भागीबाईंचा आवाज खाली आला. “तिचा नाय, तर मग त्यो निकाल कोनाचा व्हता?”

उज्वलाने पडद्याकडे पाहिलं. शेखरसर खिडकीकडे वळले. समोर डावीकडची सतरावी ओळ तशीच होती.

“ताई?”

“तुम्ही उद्याच्या पहिल्या गाडीने नाशिकला या. मी स्टँडवर घ्यायला येते.”

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

“हाताला लागत व्हती गं मला,” भागीबाई म्हणाल्या. “पन तुझ्या कागदात नाय आली. म्हटलं, आपलाच भरम असंल.”