टोकन नंबर सात

"खिडकीबाहेर औषध मिळत नाही," आई म्हणाली आणि तिने तोंड गच्च मिटलं.

मेकॅनिकच्या एका तळहातावर रक्तदाबाची गोळी होती, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. ही जोडी सांभाळत तो पाऊण तास उभा होता. हाताच्या घामाने गोळी विरघळायला लागली होती. आई विरघळत नव्हती.

"आई, अगं मी तुझा मुलगा."

"नातेवाइकांनी मध्ये घुसायचं नाही. रांगेत उभे राहा."

तिचं चुकत नव्हतं. एकतीस वर्षं तिने मोठ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे काढली होती. टोकन बघायचं, काचेखालून गोळ्या सरकवायच्या आणि "पुढचा!" म्हणायचं. त्या एकतीस वर्षांत कुणालाही हातोहात औषध मिळालं नव्हतं. एकदा खुद्द मुख्य डॉक्टर शिंकत शिंकत आले, तर त्यांनाही तिने टोकन देऊन बाकावर बसवलं होतं. गेल्या वर्षभरात तिच्या डोक्यातून बरंच काही निघून गेलं. मुलाचा चेहरा, सुनेचं नाव, नवरा वारल्याची बातमी. नियम मात्र एकूण एक जागच्या जागी होते.

तेवढ्यात फोन वाजला. ताई होती. ताई फोनवर 'हॅलो' म्हणत नसे, थेट निकाल द्यायची.

"पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सिस्टरला घेऊन येतेय. बीपीचा वरचा आकडा दीडशेच्या खाली नसेल, तर आईला वृद्धाश्रमात हलवायचं. मी खाट सांगून ठेवलीय."

"तिथे तरी ती तोंड कुठे उघडणार आहे?"

"तिथे उघडतात."

हे 'उघडतात' मेकॅनिकच्या घशात अडकलं ते अडकलंच.

त्याच्या दुकानाच्या पाटीवर 'संगणक दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं आणि आत मोबाइलच्या काचांवर प्लास्टिक चिकटवण्याचं काम चालायचं. संगणक दुरुस्तीचे दिवस गेले, पण त्यांची पोती मागे राहिली होती. दुकानाच्या आणि घराच्या माळ्यावर मिळून शंभरेक जुने सीडी ड्राइव्ह होते. "लागतील कधीतरी," असं तो बारा वर्षं म्हणत होता आणि "अहो, ती पोती काढा, नाहीतर मला काढा," असं बायको अकरा वर्षं म्हणत होती. पहिलं वर्ष तिने नवं लग्न म्हणून सोडलं होतं.

त्या दुपारी पोत्यातला एक ड्राइव्ह त्याने उगाच वीज देऊन पाहिला. बटण दाबताच घर्रर्र आवाज करत ट्रे बाहेर आला आणि अदबीने थांबला. काचेखालून औषध सरकवावं, अगदी तसा.

मेकॅनिकने दुकानाला कुलूप लावलं आणि पोतं खांद्यावर मारून घरी आला.

दोन दिवस त्याने कुणाचंच ऐकलं नाही. जुन्या संगणकाच्या रिकाम्या पेटीत एकावर एक तीन ड्राइव्ह बसवले. ठरल्या वेळी यंत्र चालवणारा, पत्त्याच्या पानाएवढा एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड त्याने कधीकाळी हौसेने मागवला होता आणि बायकोच्या भीतीने खिळ्यांच्या डब्यात लपवला होता. तो बाहेर काढला. ड्राइव्हच्या बटणांच्या तारा त्याला जोडल्या, म्हणजे बटण दाबायला माणूस नको. वरचा ट्रे सकाळी नऊला उघडायचा, मधला दुपारी एकला, खालचा संध्याकाळी सहाला. खालचा अर्धाच बाहेर येऊन जीभ दाखवल्यासारखा थांबायचा. आतला रबरी पट्टा सैल झाला होता. बायकोने मुकाट्याने केसांचं रबर काढून दिलं.

"माझे केस मोकळे राहिले तरी चालतील," ती म्हणाली, "पण हे चाललं नाही ना, तर पोत्यांबरोबर तुम्हीपण माळ्यावर."

बुधवारी सकाळी घर्रर्र झालं. ट्रेमध्ये बाटलीचं झाकण, झाकणात गोळी. आईचे डोळे लकाकले. ती लगबगीने उठली, तिने गोळी उचलली आणि मेकॅनिकच्या हातावर ठेवली.

"जेवणानंतर. मीठ कमी खा. पुढचा!"

दुपारची गोळी बायकोला मिळाली. संध्याकाळची, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला.

"पण मला झालंय काय?" त्याने घाबरून विचारलं.

"ते डॉक्टरांना विचारा. पुढचा!"

मेकॅनिक डोकं धरून बसला. बायको शांत होती. "अहो, त्या खिडकीच्या आत उभ्या आहेत. त्यांना बाहेर आणा."

"कसं आणू?"

"टोकन द्या की हातात! टोकन असतं तो बाहेर, नसतं तो आत."

एवढं सोपं उत्तर बायकोला सुचावं, याचं वाईट वाटून घ्यायलाही त्याला वेळ नव्हता. त्याने एक मेलेली हार्ड डिस्क फोडली. आतून आरशासारखी चकचकीत तबकडी निघाली. तिच्यावर त्याने कोरलं : ७.

गुरुवारी सकाळी आईने तबकडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पदर सारखा करून पेटीसमोर उभी राहिली. मग मागे वळून म्हणाली, "रांग कुठाय? खिडकी बंद आहे वाटतं आज."

नवराबायको धावत तिच्या मागे जाऊन उभे राहिले. आठ आणि नऊ. बायकोच्या हातात तर टोकन म्हणून स्टीलची बशी होती.

घर्रर्र.

आईने गोळी उचलली, तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. मेकॅनिक ओरडणार होता, पण बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

"रांगेत गोंधळ नको," ती पुटपुटली.

आई मात्र खूश नव्हती. "चार मिनिटं उशीर. तक्रारवही आणा."

बोर्डाचं घड्याळ खरंच मागे पडत होतं. वही आणली. वर्षभर जिने पेन हातात धरलं नव्हतं, तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'खिडकी ९.०४ ला उघडली. रुग्ण ताटकळले.' मेकॅनिकने ती ओळ तीनदा वाचली. इतक्या सुंदर अक्षरात त्याला आजवर कुणी झापलं नव्हतं. दुपारच्या आत त्याने बोर्डाला स्वतंत्र बॅटरीवर चालणारं घड्याळ जोडलं.

मग रांग वाढत गेली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर मधुमेहाची गोळी चुकवण्यात पटाईत होते. ते आपली गोळी आणि आपलं टोकन घेऊन येऊ लागले. मीटरवालाही एकदा उगाच उभा राहून गेला.

पुढच्या आठवड्यात, ठरल्या शनिवारी पावणेनऊला ताई सिस्टरला घेऊन आली. सिस्टरने आईच्या दंडाला पट्टा बांधला.

"एकशे चौतीस."

"परत घ्या," ताई म्हणाली.

"एकशे बत्तीस. अजून एकदा घेऊ? उतरतोच आहे."

सिस्टर पेटीकडे बघत होत्या. मेकॅनिक छताकडे बघत होता, कारण डोळे कोरडे ठेवायला तीच जागा बरी होती. घड्याळात नऊला एक मिनिट कमी होतं. आई टोकन घेऊन उभी राहिली. मागे बायको, मागे हेडमास्तर.

"आई, मी आलेय," ताई पुढे होऊन म्हणाली.

आईने तिला आपादमस्तक पाहिलं. "बाई, रांगेतून या."

ताईने आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. मेकॅनिकने फळीवरची एक तबकडी काढून तिच्या हातात दिली. ताईने तिच्यात दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं आणि हेडमास्तरांच्या मागे जाऊन उभी राहिली.

नऊच्या ठोक्याला घर्रर्र झालं. आईने गोळी घेतली आणि सिस्टरकडे वळली.

"खिडकीवरचा माणूस नवीन आहे. बोलत नाही, पण वेळेला पक्का. याला कायम करून टाका."

"करते," सिस्टर म्हणाल्या.

मेकॅनिक आजवर कुठेही कायम झाला नव्हता.

मागे ताई हळू आवाजात फोनवर बोलत होती. "ती खाट नकोय. हो, दुसऱ्या कुणाला द्या."

आईने वही उघडून लिहिलं : 'खिडकी वेळेवर. तक्रार नाही.' खाली सही केली, सहीखाली जुना हुद्दा. मान वर केली तेव्हा हातात टोकन घेऊन ताई पेटीसमोर पोचली होती आणि ट्रे रिकामा होता.

"आजचं संपलं, बाई," आई मऊ आवाजात म्हणाली. "उद्या या. नऊला."

"येते," ताई म्हणाली आणि तिने टोकन पर्समध्ये नीट ठेवलं.