चिंता नसलेला चंडोल

मित्रांनो, मी एक म्हातारा चंडोल आहे. किन्हीराजा गावाच्या शिवारात, लालसिंग शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माझं घरटं आहे. घरटं कसलं, ढेकळाच्या आडोशाला एक खळगा, त्यात वाळकं गवत आणि माझी दोन पिल्लं. त्यांना अजून उडता येत नाही.

धुऱ्याच्या टोकाच्या झुडपात हिरव्या मुनियांची जोडी उतरली आहे. हिरवी पाठ, पिवळं पोट, लाल चोच! मी आपला मातकट. मुनिया झुडपात बसून बारीक आवाजात गाते, मी गात गात आभाळात चढतो. पण तिला पकडून पिंजऱ्यात घालून विकतात, म्हणून ती जगात थोडीच उरली आहे. मला कोण विकत घेणार?

पेरणीआधी इथे वाळलेलं गवत जाळायला धुरे पेटवतात. काल शाळेतल्या सुकेशनी मॅडम दुर्बीण घेऊन आल्या. मुनिया दिसताच त्या हरखून गेल्या.

"भाऊ, हे झुडूप जाळू नका. पुस्तकात हिले 'असुरक्षित' म्हटलं हाये."

"अन् हा चंडोल?" लालसिंगनं विचारलं.

मॅडमनी पान उलटलं. "त्याची चिंता नाही. लय हायेत ते."

"मंग बरं झालं."

अहो, काय बरं झालं? माझी तर दोनच आहेत!

आज सकाळी लालसिंगनं झुडपाभोवतीचं गवत इमानेइतबारे काढलं आणि बाकीच्या धुऱ्याला काडी लावली. धूर दिसताच मुनिया भुर्रकन उडून गेल्या. माझी पिल्लं कुठे जाणार? भीतीनं मी वेडापिसा झालो. लालसिंगची बायको गंगू उभी होती. तिच्यापुढे पंख मोडल्याचं सोंग करून मी फरफटत गेलो. माणसाला घरट्यापासून लांब न्यायची ही आमची जुनी युक्ती. गंगू मात्र फसली नाही.

"अवो, इझवा! हा सोंग करून राह्यला, म्हंजे पिल्लं इथंच हायेत!"

तिनं ओल्या पोत्यानं जाळ झोडपला. आग घरट्यापासून चार हातांवर विझली.

पलीकडे माझ्या भावाचं घरटं होतं. तिथे राख आहे. तो अजून चोचीत किडा धरून तिथेच घिरट्या घालतो आहे.

उद्या शेजारचा जानराव धुरा पेटवणार आहे आणि वारा आमच्याच दिशेनं आहे. मित्रांनो, आम्ही पुष्कळ आहोत, हे पुस्तकातलं खरंच असेल. पण माझ्या पिल्लांना उडायला अजून चार दिवस हवेत. जानरावला कुणीतरी सांगा ना!