खोललेली वस्तू

"ओ काका, हात काढा त्या दारावरून!"

वॉचमन ओरडला तेव्हा मिस्त्रीने दाराच्या वरच्या दांड्याचा स्क्रू अर्धा सैल केला होता. दवाखान्याचं ते दार बंद होताना दर वेळी कुईं करत होतं. सकाळपासून माणसांची ये-जा चालू होती आणि प्रत्येक माणसामागे एक कुईं. बाकीच्यांचे कान हे कसं सहन करतात, ते मिस्त्रीला समजत नव्हतं.

"दोन मिनिटांचं काम आहे हो," तो म्हणाला.

"असेल. पण दार दवाखान्याचं आहे, तुमच्या घरचं नाही."

"अहो, मी मिस्त्री आहे."

"इथं तुम्ही पेशंटचे नातेवाईक आहात. तिकडं जाऊन बसा. आणि तो स्क्रू ड्रायव्हर द्या इकडं. जाताना परत घेऊन जा."

मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर दिला. लोक खिशाला पेन लावतात तसा तो स्क्रू ड्रायव्हर लावायचा. त्याच्या टोकाने प्रत्येक शर्टाच्या खिशाला भोक पडायचं आणि बायको ते शिवायची. "एकदा कातड्याचा खिसाच लावून देते," असं ती दर वेळी म्हणायची आणि पुन्हा दोऱ्यानेच शिवायची.

ती बायको त्याच कुईं करणाऱ्या काचेच्या दारापलीकडे होती. तोंडावर मास्क, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सांगून गेल्या होत्या, की संध्याकाळपर्यंत रक्तातला ऑक्सिजन वर चढला तर ठीक. नाहीतर घशात नळी घालून श्वास मशीनवर द्यावा लागेल, आणि तिची फुफ्फुसं इतकी थकलेली आहेत की एकदा मशीनवर घेतलं तर उतरवता येईलच असं नाही. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन कुठल्या कंपनीचं आहे?" डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली आणि त्या आत गेल्या.

तो बाकावर बसला. बाक डुगडुगत होता. वाकून पायाचा नट चाचपला, बोटांनी फिरतो का बघितलं, फिरला नाही. उठला. पाण्याच्या नळापर्यंत गेला, पाणी न पिताच परत आला. नळ गळत होता. या इमारतीत एकही गोष्ट धड नव्हती आणि सगळे हात बांधून बसले होते. आपणच तेवढे असे का तडफडतो आहोत, हा प्रश्न त्याला पडला नाही. त्याला बसणं ठाऊकच नव्हतं.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. पंखे, इस्त्र्या, पाण्याचे पंप, शिवणयंत्रं. आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही, हे तो अभिमानाने सांगायचा, आणि खोटंही नव्हतं ते. घराची वायरिंग त्याने केली, छप्पर त्याने घातलं. परक्या शहरात रस्ता चुकला तर बायकामुलीला घेऊन तासभर गोल गोल फिरेल, पण कोणाला पत्ता विचारणार नाही. एकदा तर दुखरी दाढ स्वतःच पकडीने उपटायला निघाला होता. बायकोने पक्कड लपवली म्हणून जबडा वाचला.

बायकोची तऱ्हा उलटी. सकाळी चहा ठेवायच्या आधी ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर डोळे मिटून बसायची. ओठ हलायचे. मिस्त्री दारातून डोकावून म्हणायचा, "झाल्या का अर्ज-विनंत्या?"

"झाल्या. तुमच्यासाठीपण केली एक."

"माझ्यासाठी कशाला? मला हात आहेत की."

"ते शाबूत राहावेत म्हणूनच केली," असं म्हणून ती गॅस पेटवायची.

दुकानात त्याने एक पाटी लावली होती: 'आधी खोललेली वस्तू दुरुस्तीला घेतली जाणार नाही.' स्वतः खटपट करून, स्क्रू हरवून, मग पिशवीत तुकडे घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांचा त्याला मनस्वी राग होता. मागे एकदा कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी बाई आली. तिचं पोट त्या यंत्रावर होतं. पिशवी छातीशी धरून काउंटरपाशी उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मिस्त्री, मीच खोललं. आता मला काही समजत नाही. जरा बघता का?"

"पाटी वाचता येते ना?" मिस्त्री म्हणाला.

बाई पिशवी तशीच छातीशी धरून निघून गेली. आतून बायकोने सगळं ऐकलं होतं. जेवताना ती म्हणाली, "घ्यायचं होतं हो. माणूस तुकडे घेऊन दारात येतं, तेव्हा किती वेळा घरातल्या घरात परत फिरलेलं असतं."

"शिस्त लागली पाहिजे लोकांना."

"देवाने अशी पाटी लावली असती तर कोणाचं काम झालं असतं?"

मिस्त्रीने आणखी भात वाढायला सांगितला होता.

काचेचं दार उघडलं. मुलगी बाहेर आली. नवऱ्याच्या घरून सकाळी तीच धावत आली होती, गाडी तिनेच बोलावली होती. तिच्या हातात फोन होता.

"बाबा, कंपनीचा माणूस आपल्या घरी जाऊन आला. शेजाऱ्यांनी कुलूप उघडून दिलं."

"कशाला?"

"ऑक्सिजनचं मशीन बघायला. तो म्हणतोय, आत सगळं ओलसर आहे, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे दाणे भिजून वाया गेलेत. मशीन चालतंय, पण ऑक्सिजन तयारच होत नाही. नळीतून नुसती खोलीतली हवा येतेय. आणि धोक्याच्या शिटीची वायर कापलेली आहे."

मिस्त्रीने बाकाच्या पायाकडे बघितलं.

ते मशीन बायकोसाठी भाड्याने आणलेलं होतं. आणून देणारा पहिल्याच दिवशी सांगून गेला होता, "काही झालं तर फोन करा, उघडू नका." मिस्त्री तेव्हा हसला होता. गेल्या आठवड्यात ते खडखडायला लागलं आणि मिस्त्रीने ते उघडलं. धूळ झाडली, सैल झालेलं घट्ट केलं, धुण्यासारखं दिसलं ते सगळं धुतलं, पुसून परत बसवलं. पंप असाच तर साफ करतात. खडखड गेली, आवाज लोण्यासारखा झाला. फक्त एक पिवळा दिवा लागून राहिला आणि शिटी वाजत राहिली. मशीन एवढं सुरेख चालत असताना शिटी वाजते, म्हणजे शिटीच बिघडलेली, हे त्याच्या दृष्टीने उघड होतं. त्याने वायर कापली, दिव्यावर काळी पट्टी चिकटवली.

"बाबा, मी विचारतेय. कोणी कापली?"

"ती उगाच वाजत होती गं."

"आई काही बोलली नाही? दम लागतोय म्हणाली नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ही पोर लहानपणी दुकानात त्याच्या शेजारी बसून स्क्रू मोजायची, तिच्याशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

"म्हणाली," तो म्हणाला. "मी म्हटलं, आवाज ऐक, किती छान येतोय."

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली, ती अडकली, पुन्हा लावली.

"तिने तुमच्यावर विश्वास ठेवला बाबा. नाकात ती नळी घालून रोज शांत झोपायची. जा आता. आत जाऊन हेही दुरुस्त करा."

आणि ती तोंड फिरवून आत गेली. दार कुईं करून बंद झालं.

मिस्त्री खरंच आत जायला निघाला. डॉक्टरीणबाई दारातच भेटल्या.

"मला आत येऊ द्या," तो म्हणाला. "काहीतरी करतो. नळ्या बघतो, जोड बघतो. कुठं हवा गळत असेल तर मला लगेच समजतं."

"काही गळत नाही मिस्त्री. मशिनं ठीक आहेत, औषध दिलंय." त्या दमलेल्या दिसत होत्या. "आता आम्हीही वाटच बघतोय."

आम्हीही, या शब्दाने तो पुरता हबकला. एवढं शिकलेली माणसं, एवढी यंत्रं, आणि वाट बघायची?

तो जिना उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. चालत चालत इमारतीच्या मागच्या अंगाला आला. तिथे जाळीमागे दवाखान्याचं ऑक्सिजनचं मोठं यंत्र चालू होतं. सवयीने त्याचे पाय थबकले आणि कान टवकारले. आवाज चांगला होता. एका लयीत, कुठे खरखर नाही. उत्तम, असं त्याच्या मनात आलं मात्र, आणि तो जाळीपासून एक पाऊल मागे सरला. घरच्या मशीनचा आवाजही असाच होता. आज सकाळी बायको स्वतःच्या मुलीला आईच्या नावाने हाक मारायला लागली, ओठ निळे पडले, तेव्हासुद्धा तो खाली वाकून मशीनला कान लावून बसला होता. ज्या कानांवर अख्खं आयुष्य काढलं, ते कान आज काही कामाचे नव्हते. आणि हात? हातांनीच तर हे केलं होतं.

त्याला रडू आलं नाही. भीती वाटली. लहानपणानंतर पहिल्यांदाच एवढी भीती वाटली.

डोळे मिटून बघितले. अंधारात काय बोलायचं ते सुचेना. बायकोला विचारायला हवं होतं, रोज एवढं काय बोलतेस? त्याने उघड्या डोळ्यांनीच सुरुवात केली. मागायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं, पण मागायला आलेली माणसं त्याने उभ्या जन्मात खूप बघितली होती. कशी उभी राहतात ते माहीत होतं. ती शिवणकाम करणारी बाई त्याच्या डोळ्यांपुढे आली. तिच्यासारखाच तो जाळीपुढे उभा राहिला, हात छातीशी, जणू पिशवी धरली आहे.

"मीच खोललं," तो म्हणाला.

जवळून एक सफाईवाली बादली घेऊन गेली. त्याने पर्वा केली नाही.

"फोन करा म्हणून सांगितलं होतं. केला नाही. मला वाटलं, मला सगळं येतं. आता मला काही समजत नाही. तुझ्याकडे पाटी असली तर माझं काही म्हणणं नाही. मी परत जाईन. पण ती म्हणते, नाहीये. तिचं ऐकून आलोय. जरा बघता का?"

शेवटी 'बघता का' असंच तोंडून गेलं. देवाला अहोजाहो करतात की अरेतुरे, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

काही झालं नाही. यंत्र त्याच लयीत चालू राहिलं. मिस्त्री मात्र शेजारच्या कठड्यावर बसला आणि बसून राहिला. शेजारी पाइपातून पाणी ठिबकत होतं, ते त्याने ठिबकू दिलं. हात मांडीवर उताणे पडले होते.

मुलगी शोधत आली तेव्हा उन्हं कलली होती.

"बाबा, इथे काय करताय? वर चला." तिचा चेहरा बघून त्याला काही अंदाज येईना. मग ती म्हणाली, "चढतोय ऑक्सिजन. डॉक्टरीणबाई नळी नको म्हणाल्या. एकेकाला आत सोडतायत."

जिन्यात ती पुढे होती. मधेच थांबली आणि मागे हात केला. मिस्त्रीने तो धरला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, त्यानेही विचारलं नाही.

आत जाताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की या वेळी निभावलं, पण फुफ्फुसांची जी नासाडी झाली ती भरून येणार नाही. आता जिना नाही, स्वयंपाक नाही, दिवसरात्र ऑक्सिजन. मिस्त्रीने मान हलवली. मशीनची कंपनी विचारली नाही.

बायको उशांना टेकून होती. एवढीशी झाली होती. त्याला बघून तिने मास्क जरासा वर उचलला.

"हात दाखवा," ती म्हणाली. रोज जेवणाआधी ती असंच म्हणायची, आणि काळे हात बघून त्याला मोरीकडे पिटाळायची.

त्याने हात पुढे केले. तिने उलटसुलट करून बघितले.

"स्वच्छ आहेत. आज काही खोललं नाही?"

"नाही."

"मग दिवसभर करत काय होतात?"

मिस्त्रीने इकडेतिकडे बघितलं. "मागत होतो," तो पुटपुटला.

"तुम्ही? कोणाकडे?"

"तुझ्याच ओळखीचा आहे तो."

ती हसली. मास्क आतून धुरकट झाला. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने त्याचा हात सोडला नाही.

"ते मशीन... मी..." त्याने सुरुवात केली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "शिटी थांबली तेव्हाच समजलं होतं. तुमचा एवढा हिरमोड कशाला करायचा, म्हणून गप्प बसले. माझंही चुकलंच."

तिने मास्क नीट केला आणि डोळे मिटले.

तेवढ्यात उशाशी असलेलं यंत्र टीं टीं वाजायला लागलं. पिवळा दिवा उघडझाप करू लागला. मिस्त्री झटकन उठला. तिच्या बोटावरचा चिमटा सरकलेला त्याला दिसत होता. नुसता पुढे ढकलायचा होता. त्याचा हात निम्म्यापर्यंत गेला.

मग त्याने तो हात मागे घेतला आणि दाराकडे वळून हाक मारली,

"सिस्टर, जरा बघता का?"