घेवड्याची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. काठाचा टवका उडालेला, झाकण दुसऱ्याच कुणाचं तरी. हसा खुशाल. पण एका घराची पेरणी माझ्यावाचून अडायची.

त्या घरच्या काकू ठिपक्यांच्या घेवड्याचं बी खडखडीत वाळवायच्या, राखेत घोळवायच्या आणि माझ्यात भरायच्या. त्यांच्या सासूबाईंनी वर्षानुवर्षं निवडून निवडून तो घेवडा घडवला होता. पावसानं ओढ दिली तरी तग धरायचा. कुणी मागितलं की मूठभर बी द्यायचं, पीक आलं की त्यानं मूठभर परत आणायचं. बी विकायचं नाही, आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, अशी घराची रीत. त्यामुळे माझा तळ कधी कुणाला दिसला नाही.

एकदा बीसंग्रहाचे साहेब आले. तुमचं वाण जपून ठेवतो म्हणाले. काकूंनी पेरणीपुरतं काढून घेतलं आणि बाकीचं माझ्यासकट त्यांच्या हवाली केलं. बी नेणारा बी परत आणतो, एवढंच त्यांना ठाऊक. भोळ्या म्हणा हवं तर, पण मला चीड येते ती नेणाऱ्यांची.

थंड खोलीत माझं काय कौतुक! पाहुणे आले की दुर्मिळ वाण म्हणून मलाच पुढे करायचे. पुढे बी चंदेरी पाकिटांत गेलं आणि मी साहेबांच्या खोलीत, धूळ खात कपाटावर. त्यातलं थोडं एका कंपनीनं नेलं, नवं नाव दिलं आणि बाजारात आणलं. त्याचं बी पुढे कुणाला देऊ नये, असं वर छापलंही. काकूंना कुणी विचारलंसुद्धा नाही.

मग एका पुरात काकूंच्या वस्तीतली सगळी शेतं धुऊन गेली. कुणाकडेच दाणा उरला नाही. काकू निर्धास्त होत्या, बी साहेबांकडे आहे म्हणून. त्या संग्रहात आल्या तेव्हा खुर्चीत नवे साहेब होते आणि डोक्यावर पाटी होती, ‘बियाण्यावर शेतकऱ्याचा हक्क’. साहेबांनी समजावलं की बी फक्त संस्थांना मिळतं, तुम्ही बाजारातलं पाकीट घ्या.

“अहो, मी नवीन काही मागत नाही. दिलेलंच मागतेय. मूठभर.”

“काकू, नियमात बसत नाही.”

काकूंची नजर माझ्यावर गेली. टवक्यावरून त्यांनी मला ओळखलं.

“ती बरणी तुमची का? मग न्या की. तिला काही नियम नाही.”

काकूंनी मला पिशवीत घालून घरी आणलं. संध्याकाळी शेजारीण वाटी घेऊन आली. बी मिळालं का, म्हणाली. काकूंना नाही म्हणायची सवयच नव्हती. त्यांनी झाकण काढलं आणि मला तिच्या वाटीवर पालथं धरलं. शेजारीण रिकामी वाटी घेऊन गेली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका. त्यानं माझं पोट भरत नाही. मात्र उद्या कुणी तुमच्या दारात येऊन बी जपतो म्हणाला, तर हातावर दाणा ठेवण्याआधी त्याला एवढंच विचारा, परत कधी देणार?