खिशाचा धडा

दवाखान्यांची धुणी धुणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शाळेत शिकवायला ती एक दिवसही गेली नव्हती. नव्याने लागलेल्या माणसांना काम शिकवणं ही तिची नोकरी, आणि गेली तीन वर्षं हे शिकवणं टॅब्लेटवर चाले. ती संगणकावर धडे बनवायची, कामगार ते टॅब्लेटवर बघायचे, शेवटी पाच प्रश्नांची उत्तरं द्यायचे, आणि साहेबांच्या पडद्यावर त्या कामगाराच्या नावापुढे हिरवी खूण उमटायची. हिरवी खूण उमटली की माणूस शिकला, असं वरच्यांनी ठरवून टाकलेलं होतं. वरचे म्हणजे मुख्य कार्यालयातले, ज्यांनी उभ्या जन्मात दवाखान्यातून आलेलं गाठोडं सोडलेलं नव्हतं.

धडे बनवायचं जुनं सॉफ्टवेअर आता बंद होणार होतं. नवं निवडायचं होतं, तेही या आठवड्यात, कारण सोमवारी बारा नव्या बायका मळक्या बाजूला रुजू होणार होत्या. कारखान्याच्या मधोमध एक भिंत होती. भिंतीच्या पलीकडे स्वच्छ बाजू, तिथे इस्त्री केलेल्या चादरींच्या थप्प्या. अलीकडे मळकी बाजू, तिथे लांबलचक टेबलावर गाठोडी सोडायची, चादरी एकीकडे, डॉक्टरांचे कोट दुसरीकडे, असं हातांनी निवडायचं. मळक्या बाजूचा पहिला नियम एकच: खिशात हात घालायचा नाही. कोट कॉलरला धरायचा, जाळीवर उलटा करायचा आणि झटकायचा. कारण खिशात कधी पेन असतं, कधी सुई.

हा नियम मास्तरीणबाईंच्या जुन्या धड्यातही होता. नववं वाक्य. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण ते तिला तिच्या वहिनीने सांगितलं होतं.

वहिनी दोन वर्षांपूर्वी याच कारखान्यात लागली. धडा बघितला, शंभरपैकी शंभर मिळवले, घरी येऊन नवऱ्यापुढे टेंभा मिरवला. आणि तिसऱ्या दिवशी एका कोटाच्या खिशात हात घातला. हातमोज्यातून सुई आरपार गेली. पुढे सहा महिने रक्ताच्या तपासण्या. सहा महिने वहिनीचा कप वेगळा, टॉवेल वेगळा, अंथरूण वेगळं. डॉक्टर याची काही गरज नाही म्हणत होते, पण तिचा जीव मानत नव्हता. धाकट्या मुलीला तिने तेवढे दिवस कुशीत घेतलं नाही. शेवटची तपासणी स्वच्छ निघाली तेव्हा मास्तरीणबाईंचा भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ढसाढसा रडला होता.

वहिनीने नणंदेला एका शब्दानेही बोल लावला नाही. उलट एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली होती, "वन्सं, तुमच्या धड्यात होतं की ते. नववं वाक्य. मला तोंडपाठ होतं. हाताला कुठे माहीत होतं? घरी कपडे भिजवायच्या आधी आपण खिसे बघतोच ना. तुमच्या भावाच्या खिशात रोज दोन तरी स्क्रू सापडतात."

हे ऐकल्यापासून मास्तरीणबाईंना हिरव्या खुणेचा राग यायला लागला. रोज संसार नीट करणारी बाईच मळक्या बाजूला चुकते, आणि आपला धडा तिला शंभर मार्क देऊन वर शाबासकी देतो, यापेक्षा मोठी थट्टा कोणती?

म्हणून तिने नवं सॉफ्टवेअर निवडायला घेतलं ते दात-ओठ खाऊनच. दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर पंधरा पंधरा दिवस वापरून बघायला मिळाली होती. पहिलं दिसायला फार देखणं. त्यात एक कार्टूनमधली हसरी बाई होती, ती मान वेळावून बोलायची. मजकूर टाकला की दहा मिनिटांत धडा तयार. पण कामगाराने चुकीचं उत्तर दिलं तरी ती बाई "छान प्रयत्न!" म्हणायची आणि पुढचं पान उघडायची. शेवटी सगळ्यांना हिरवी खूण. मास्तरीणबाईंनी तिचं नाव नटवी ठेवलं.

दुसरं अगदीच साधं, राखाडी रंगाचं, शिकायला किचकट. पण त्यात खऱ्या टेबलाचा, खऱ्या कोटाचा फोटो टाकता यायचा, आणि माणसाने बोट कुठे टेकवलं यावरून पुढे काय होणार हे ठरवता यायचं. बोट चुकलं की वाट बंद. शिवाय नेट नसलं तरी ते चालायचं, आणि मळक्या बाजूच्या जाड भिंतींतून नेट कधी आत शिरलेलं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

त्यात तिने खिशाचा धडा बनवला. खिशावर बोट पडलं की पडद्यावर एक खरी बाई यायला हवी होती. तिने घरी विचारलं, "वहिनी, तुझा चेहरा नको दिसायला. मी नुसता आवाज घेते."

वहिनीने ओट्यावरचं फडकं खाली ठेवलं. "का? मी काय चोरी केली? दिसू दे की तोंड." आणि ती भिंतीला पाठ लावून, पदर सारखा न करता, फोनच्या कॅमेऱ्याकडे बघून बोलली.

बुधवारी बैठक होती. निवडीच्या कागदावर तीन सह्या लागत: मोठ्या साहेबांची, खरेदीवाल्या बाईंची आणि शिकवणारीची. कागद आधीच टाइप करून आणला होता आणि त्यावर नटवीचं नाव होतं. नटवी विकणारा तरुण माणूस साहेबांच्या शेजारीच बसला होता, बुटांपासून दातांपर्यंत चकाचक.

"मास्तरीणबाई, आम्ही तिघांनी आत्ताच नमुन्याचा धडा केला," साहेब म्हणाले. "तुमचाच मजकूर, मळक्या बाजूचा. चार मिनिटं लागली. तिघांनाही शंभर टक्के. अजून काय हवंय?"

"तिघांनाही शंभर?"

"तिघांनाही."

"मग प्रत्यक्ष करून दाखवा," ती म्हणाली, आणि पिशवीतून एक धुतलेला पांढरा कोट काढून टेबलावर टाकला. कोटाच्या खिशात तिने शिक्क्याच्या लाल शाईत भिजवलेला स्पंज ठेवला होता. खाली जाळी आणि टोपलीही तयार होती. "समजा दवाखान्यातून आत्ता आलाय. निवडून टोपलीत टाका."

साहेबांनी कोट दोन बोटांनी उचलला आणि लांबूनच टोपलीत भिरकावला. झटकलाही नाही. "घातला का खिशात हात? नाही. पास." विकणारा दात दाखवून हसला, उठला आणि त्यानेही तेच केलं.

कोट झटकला नाही हे चूकच होतं, पण खिशाला हात लागला नव्हता. मास्तरीणबाईंचा चेहरा पडला. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं होतं. रात्रंदिवस डोकं लढवून तिने सगळा विचार केला होता, पण या दोघांनी घरी कधी एक रुमालही धुतला नसेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याने कधी खिसा तपासलाच नाही, त्याचा हात खिशाकडे जाईल कशाला?

"झालं ना समाधान?" साहेबांनी पेन उघडलं. "चला, सह्या करू."

खरेदीवाल्या बाई इतका वेळ घड्याळाकडे बघत होत्या. काटेकोर बाई, त्यांच्यापुढून टाचणीचा डबासुद्धा दोनदा मोजल्याशिवाय जात नसे, आणि नटवीची शिफारस मुळात त्यांचीच होती. त्या उठल्या. टोपलीबाहेर लोंबणारा कोट त्यांना बघवेना. "बाई, कसं टाकलंय हे," असं पुटपुटत त्यांनी तो उचलला, झटकला, बाह्या सरळ केल्या, आणि साहेबांना "दुसरा विषय घेऊया का?" असं विचारता विचारता त्यांचा उजवा हात सरळ खिशात गेला.

हात बाहेर आला तो लालभडक.

खरेदीवाल्या बाई स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला पाचव्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं होतं. खिशात हात घालायचा नाही. मीच दिलं होतं."

"माहीत आहे," मास्तरीणबाई म्हणाली. तिला त्यांची कीव आली आणि स्वतःची थोडी लाजही वाटली, पण आता मागे सरायचं नव्हतं.

"घरी दोन मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या खिशात काय नसतं? खडू, च्युइंगम, एकदा तर जिवंत गोगलगाय."

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. "तिघांत एक चूक. एवढं काय त्याचं?"

"साहेब, तुम्ही पास झालात, कारण तुम्ही कपडे धूतच नाही. सोमवारी माझ्याकडे येणाऱ्या बाराही जणी धुतात."

विकणाऱ्याने घसा साफ केला. "आम्ही त्या वाक्याला लाल रंग देऊ शकतो. वर घंटीचा आवाजही टाकू."

"वाक्य पाठ असलेल्या बाईला सुई टोचलीय या कारखान्यात. तुमची घंटी काय करणार आहे?"

साहेबांचा आवाज आता खाली आला, आणि त्यांचा आवाज खाली आला की माणसं घाबरत. "हे बघा, तुमच्या त्या राखाडी प्रकारात पहिल्या दिवशी माणसं नापास दिसणार. वर शंभर टक्के हिरवं दाखवावं लागतं. लाल दिसलं की मला फोन येतो, तुम्हाला नाही. सही करा. नाहीतर शिकवायला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

नोकरी मास्तरीणबाईंना हवी होती. घरी पाच माणसं होती आणि दोन पगार याच कारखान्यातून यायचे, तिचा आणि वहिनीचा. पण सहा महिने भिंतीकडे तोंड करून झोपलेली वहिनी तिने पाहिली होती, आणि त्या वहिनीचे शंभर मार्क तिच्याच संगणकात अजून हिरवे होते. तिने कागद पुढे ओढला, साहेबांना वाटलं करतेय सही. तिने स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली आणि कागद परत ढकलला.

"बघा दुसरं कोणी. सोमवारी सकाळी आठ वाजता बारा जणी येतील, त्यांच्यासमोर त्यालाच उभं करा. खोट्या शंभरावर मी एकदा सही केलीय. पुन्हा करणार नाही. हातापाया पडलात तरी नाही आणि काढून टाकलंत तरी नाही."

साहेब काही बोलणार, इतक्यात खरेदीवाल्या बाईंनी लाल बोटांनीच तो कागद उचलला आणि मधोमध फाडला. "याच्यावर माझीही नाही," त्या म्हणाल्या. "साहेब, एका सहीने खरेदी होत नाही, हा नियम तुमचाच आहे. दुसऱ्या सॉफ्टवेअरचा कागद मी जेवणाच्या आत टाइप करून आणते." विकणारा आपली बॅग भरायला लागला. साहेबांनी त्या दिवशी सही केली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी संध्याकाळी केली, ती शिपायाच्या हाती पाठवली, आणि सोबत चिठ्ठी: परिणामांची जबाबदारी मास्तरीणबाईंची. तिने चिठ्ठी फाइलला लावली. जबाबदारी तिला हवीच होती.

सोमवारी बारा बायका टॅब्लेट घेऊन बसल्या. वहिनी मागे उभी होती. ती आता मळक्या टेबलाची मुकादम होती. पडद्यावर कोट आला आणि एकामागून एक बोटं खिशावर पडू लागली. पडद्यावर वहिनी यायची. "थांब. मी इथेच हात घातला होता. सहा महिने माझ्या लेकीला जवळ घेतलं नाही मी." मग धडा पहिल्यापासून. एकीने चिडून टॅब्लेट पालथा घातला. "हे काय? खिसे बघायचे नाहीत होय? माझ्या आईने तर खिसे बघितले नाहीत म्हणून मारलंय मला."

"मलाही मारलंय," मागून वहिनी म्हणाली. त्या बाईने वळून बघितलं, पडद्यावरचा चेहरा ओळखला आणि टॅब्लेट मुकाट्याने सरळ केला.

पहिल्या फेरीत एकच पास झाली. कशी काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडे कपडे नवरा धुतो." सगळ्या जणी हसल्या, वहिनी सर्वांत जास्त.

साडेनऊला साहेबांचा फोन वाजला. "मास्तरीणबाई, माझ्या पडद्यावर बारांपैकी अकरा लाल आहेत."

"हो. जी पास झाली ती टेबलावर गेली. बाकीच्या दुसऱ्यांदा करतायत. खिसा सुटत नाही तोवर एकीलाही हातमोजे देणार नाही."

"आणि आज सुटलाच नाही तर?"

"तर उद्या."

"वर काय कळवू मी? अकरा नापास?"

तिने काचेतून आत बघितलं. चिडलेली बाई पडद्यावर बोट न टेकवता, हवेतच कोटाची कॉलर धरून तो पालथा करायचा सराव करत होती. हातमोजे नसलेले उघडे हात, नखांत घरकामाचे डाग.

"तसंच कळवा," मास्तरीणबाई म्हणाली. "अकरा नापास. बायका बारा, बोटं एकशे वीस, आणि टोचलेलं एकही नाही."