बिशपची हनुवटी

सांताक्रूझच्या उतारावर गाय माजावर आली की नाही हे ओळखणं अवघड, याचं पहिलं कारण धुकं. सकाळची धार आटोपते न आटोपते तोच ते ज्वालामुखीच्या अंगावरून खाली घसरतं आणि कुरणात गाईंऐवजी गाईंचे तुकडे दिसायला लागतात. इकडे एक शेपूट, तिकडे दोन कान. माजावरची गाय ओळखायची खूण सोपी आहे: दुसरी गाय अंगावर चढली तरी जी हलत नाही ती. पण सांताक्रूझमध्ये वरची गाय दिसते तेव्हा खालची दिसत नाही, आणि खालची दिसते तेव्हा वरची उतरलेली असते.

दुसरं कारण तीनची कॉफी. तीन वाजले की गावातला प्रत्येक माणूस हातातलं काम जिथल्या तिथे टाकून घरात जातो. कॉफी, सोबत मक्याच्या पातळ भाकऱ्या, म्हणजे गरम तोर्तिया, तोर्तियावर घरचं चीज, आणि चीजपेक्षा जास्त गप्पा. अर्ध्यावर सोडलेलं काम पुन्हा कुठून धरायचं हे परत आल्यावर आठवलं तर आठवलं. गाईंनी ही वेळ बरोबर हेरली आहे आणि जे काही करायचं ते त्या तीनलाच उरकतात, असं हानिया कोतोचं ठाम मत होतं.

हानियाची पालोमा मात्र तीनलाही काही करत नव्हती आणि चारलाही नाही. पालोमा म्हणजे बदामी रंगाची, डोळ्यांत काजळ भरल्यासारखी जर्सी गाय. तिची आई मेल्यावर हानियाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. नवरा-बायकोने एकमेकांना अहो-जाहो करायचं ही त्या गावची रीत. हानिया पालोमालाही तसंच बोलायची. गेल्या वेतानंतर पालोमाने माज म्हणून दाखवला नव्हता. हंबरणं नाही, शेपटीखाली चिकट बळस टाकणं नाही, कुणाच्या अंगावर चढणं तर नाहीच. दूध आटत चाललं होतं, पोट मात्र सुटत होतं.

"मुका माज आहे," शेजारचे एलादियोकाका म्हणाले होते. "काही बायका नाही का, मनातलं तोंडावर येऊ देत नाहीत."

"तुमच्या घरच्या तशा आहेत का?" हानियाने विचारलं.

"नाही. माझ्या नशिबात नाही ते."

मुक्या माजावर काकांकडे उपाय होता: त्यांचा बैल. डॉक्टरी उपाय केलेला, म्हणजे गाईवर चढेल पण गाभण घालू शकणार नाही असा. त्याच्या हनुवटीखाली पट्ट्याने एक रंगाचा डबा बांधलेला. डब्याच्या तळाला बॉलपेनला असते तशी गोळी. बैल ज्या गाईवर चढे तिच्या पाठीवर जांभळा पट्टा उमटे, आणि मालकाला कळे की हिला माज आहे, कृत्रिम रेतनवाल्याला फोन करा, तो येऊन गाय भरेल. ब्रह्मचर्य आणि चर्चमधल्या बिशपच्या झग्यासारखा जांभळा रंग या दोन्ही कारणांनी त्याचं नाव बिशप पडलं होतं. काका त्याला मोठ्या अभिमानाने सगळ्या गावात फिरवत. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो काही आठवडे हानियाकडेही मुक्कामाला होता.

त्या मुक्कामात बिशपने बऱ्याच गोष्टींवर खुणा केल्या. दोन गाई, एक दुधाचा कॅन, वाळत घातलेली चादर, आणि पाण्याच्या हौदावर वाकलेला हानियाचा नवरा ओल्मान. पाठीवर जांभळा पट्टा घेऊन ओल्मान तसाच दुकानात गेला तेव्हा तिथल्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "रेतनवाल्या विल्बर्थला फोन लावू का? सकाळी दिसलं तर संध्याकाळी भरायचं असतं!" ओल्मान महिनाभर त्या दुकानात गेला नाही.

पालोमाच्या पाठीवर मात्र कधी ठिपकाही दिसला नाही. पाऊस रोजचाच होता. रोज सकाळी ती धुतल्या तांदळासारखी.

"तुमचा बैल नुसता झोपतो," हानिया म्हणाली होती.

"झोपत नाही, चिंतन करतो."

विल्बर्थ म्हणजे रेतनवाला. मोटरसायकलला थंड नायट्रोजनचं भांडं बांधून तो डोंगर चढून येई, पण त्याची एक अट होती: माज दिसल्याशिवाय फोन करायचा नाही. "मी काही गाईची ख्यालीखुशाली विचारत हिंडत नाही," असं तो म्हणे. तो असं म्हणू शकत होता, कारण यंदा त्याचं नाव झालं होतं. बिशपने खूण करावी, विल्बर्थने भरावी, आणि गाय पहिल्याच खेपेला गाभण. एकही उलटून पुन्हा माजावर आली नाही. चीजच्या जत्रेत त्याला मंचावर बोलावून अख्खं चीज भेट दिलं होतं आणि 'सोन्याचा हात' म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. विल्बर्थने तो हात उंच करून दाखवलाही होता.

ओल्मानचा धीर मात्र सुटला. "गुरुवारी लिलावाचा ट्रक येतोय," तो जेवताना म्हणाला. "पालोमाला चढवायचं. भाकड गाय किती दिवस पोसायची?"

"पालोमा जाणार नाहीत."

"मग आणा त्यांना माजावर."

"मी आणू?"

"मग काय मी? माझ्या पाठीवर एकदा पट्टा येऊन गेलाय."

 बुधवारी तीनला, सगळं गाव कॉफीला बसलं असताना, हानिया एक पिकलं केळं घेऊन काकांच्या कुंपणाशी गेली. बिशप केळ्यासाठी हनुवटी पुढे करणार हे तिला माहीत होतं. उजव्या हाताने केळं दिलं, डाव्याने डब्याखालची गोळी फिरवली, आणि दोन्ही हातांत ओंजळभर जांभळा रंग घेऊन परत आली. पालोमाच्या पाठीवर, शेपटीच्या जरा वर, तिने तो ठसठशीत फासला. हिशोब सरळ होता: कॉफीच्या वेळी बिशप कुंपण ओलांडून आला, असं सांगायचं. संध्याकाळी माज दिसला म्हणजे सकाळी विल्बर्थ येणार. एकदा गाय भरली की ती राहिली का उलटली हे कळेपर्यंत ओल्मान ती विकू शकणार नाही. तेवढ्या दिवसांत खरा माज येईल. नाही आला तर केळी पुष्कळ होती.

रंग पाठीवरून जायचा तेव्हा जाई, पण हातावरून जाईना. साबण, राख, लिंबू, सगळं झालं. गुरुवारी सकाळी ती ॲप्रनच्या खिशात हात घालूनच गोठ्यात उभी राहिली.

ट्रक आला होता. विल्बर्थही आला होता. आणि आपल्या बैलाची कामगिरी बघायला एलादियोकाका आले होते.

विल्बर्थने पालोमाची पाठ निरखली. "हा पट्टा आडवा कसा?"

"बिशपच्या हनुवटीला खाज असेल," हानिया म्हणाली.

"आणि ही बोटं?"

"कसली बोटं? धुकं आहे."

"मी सांगत नव्हतो?" काका म्हणाले. "उशिरा का होईना, पण माझा पोरगा काम चोख करतो."

विल्बर्थने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, पालोमाची शेपूट बाजूला केली आणि सोन्याचा हात कोपरापर्यंत आत घातला. मग कोपराच्याही पुढे. मग तो थांबला.

हानिया त्याच्या तोंडाकडे बघत होती. चोरी पकडली जाणार याची तिने तयारी ठेवली होती, पण विल्बर्थचा चेहरा चोर पकडणाऱ्याचा नव्हता. तो चोराचा होता. त्याने एलादियोकाकांकडे बघितलं, मग ट्रककडे, मग धुक्यात गावाच्या दिशेने, जिथे सोन्याच्या हाताने भरलेल्या सगळ्या गाई उभ्या होत्या. ओठ हलत होते. मनातल्या मनात तो महिने मोजत असावा.

"काय झालं?" ओल्मानने विचारलं.

"काही नाही."

"मग भरा."

"भरता येत नाही."

"म्हणजे माज नाही," ओल्मान म्हणाला. "ट्रक मागे घ्या हो!"

 विल्बर्थचा हात अजून आतच. हानियाने ॲप्रनच्या खिशातून दोन्ही जांभळे हात बाहेर काढले आणि त्याच्यासमोर धरले. "विल्बर्थ, माझं काय ते मी दाखवलं. आता तुमच्या हाताला काय लागलंय ते बोला."

विल्बर्थने एक लांब श्वास घेतला. "वासरू लागलंय. चार महिन्यांचं. आज मी हिला भरलं असतं तर ते पडलं असतं."

पहिल्यांदा पालोमा हलली. ती शेण टाकत होती.

"कुणाचं वासरू?" ओल्मान ओरडला. "बैलच नाही आमच्याकडे!"

"चार महिन्यांपूर्वी होता," विल्बर्थ म्हणाला आणि एलादियोकाकांकडे वळला. हात आत असल्यामुळे त्याला पुरतं वळता आलं नाही, पण वळायचं तेवढं तो वळला. "काका. ऑपरेशन कुणी केलं होतं?"

"माझ्या मावसभावाने. चांगला हात आहे त्याचा. डुकरांचं सगळं तोच बघतो."

"दोन्ही बाजूंच्या शिरा कापल्या होत्या ना?"

काका विचारात पडले. त्यांनी हॅट काढली, आत बघितलं, परत घातली. "डावीकडची कापली," ते म्हणाले. "मग आमच्या हिने कॉफीला हाक मारली."

"आणि कॉफीनंतर?"

"कॉफीनंतर बैल शांत उभा होता. आम्हाला वाटलं, झालं सगळं." त्यांनी हॅटची कड चाचपली. "तोर्तियाही होत्या."

ओल्मान हसत सुटला. हौदाला धरून, वाकून, पाठीवर पट्टा उमटला त्या दिवसापासूनचं सगळं हसू त्याने एकदम काढून घेतलं. ट्रकचा ड्रायव्हर हसला. हानियाला हसायचं होतं, पण तिचं लक्ष ड्रायव्हरकडे होतं, कारण हसून झाल्यावर तो म्हणाला, "मग चढवायची ना? गाभण गाय उलट चांगली जाते लिलावात. तिथला डॉक्टर सगळ्यांसमोर हात घालून सांगतो, किती महिन्यांची, काय."

ओल्मानने डोळे पुसले. "हो, ते खरंच."

 हानिया बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या आधी दोघं बोलले.

"सगळ्यांसमोर?" विल्बर्थ म्हणाला. त्याचा हात सप्पकन बाहेर आला.

"मोठ्याने सांगतो का?" काकांनी विचारलं.

"माइक असतो," ड्रायव्हर म्हणाला.

मग जे झालं त्यात हानियाला एक शब्दही खर्चावा लागला नाही. विल्बर्थने ओल्मानच्या एका खांद्यावर हात ठेवला, मोजा काढायचं भान न राहिल्यामुळे तोच हात. काकांनी दुसरा खांदा धरला. विल्बर्थ म्हणाला, अशी गाय विकणं म्हणजे पाप. काका म्हणाले, वासरू आपल्याच डोंगरावर जन्मलं पाहिजे, तोपर्यंत चारा माझ्या कुरणातला. विल्बर्थ म्हणाला, पुढच्या वेताला मी तुमच्या दारात मुक्कामाला येऊन माज बघीन. काका म्हणाले, त्याची काय गरज, बिशप आहे की. यावर विल्बर्थने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, तिने काका दोन पावलं मागे सरले.

"आणि गावात?" ओल्मानने विचारलं. तो आता मजा घेत होता.

"गावात कशाला?" विल्बर्थ म्हणाला. "वासरं झाली की कळेलच ना."

"तुम्ही भरलेल्या गाईंची वासरं बिशपसारखी दिसली तर?"

"धुकं आहे," विल्बर्थ म्हणाला.

ओल्मानने बायकोकडे बघितलं. ती तशीच उभी होती, जांभळे हात मोकळे सोडून. तिने मान हलवली नाही, विनवणी केली नाही. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मनातलं तोंडावर येऊ न देणाऱ्या बायका सांताक्रूझमध्ये फार नाहीत, पण त्या क्षणी एक होती.

"ट्रक नेऊन टाका हो," ओल्मान ड्रायव्हरला म्हणाला.

ट्रकचा आवाज उतारावरून खाली जाईपर्यंत हानिया तिथेच थांबली. मग तिने फाटकाचा आडणा काढला.

"चला पालोमाबाई," ती म्हणाली. "सांभाळून चाला, चिखल आहे."