तक्त्यातून गाळलेली ओळ

माझा धाकटा भाऊ आंधळा आहे, पण लगेच बिचारा वगैरे म्हणू नका. महा आगाऊ आहे. दिवसभर तो नुसत्या मजकुराचा ऑनलाइन खेळ खेळतो. चित्रं नाहीत, फक्त ओळी. कॉम्प्युटर त्या मोठ्याने वाचतो, हा उत्तर टाइप करतो. चौदा वर्षांत तिथे सेनापती झालाय. घरात याला स्वतःचा कप सापडत नाही, आणि तिथे दोनशे माणसं याला विचारल्याशिवाय हलत नाहीत.

खेळाशी जोडून देणारा प्रोग्रॅम, त्याला क्लायंट म्हणतात, तो जुना झाला आणि बंद पडला.

"ताई, तीन नवे क्लायंट तपासून दे ना. रविवारी लढाई आहे. आमच्यात मेलं की नाव कायमचं पुसतात."

खेळात रक्त कमी झालं की आपोआप औषध पाजणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, त्याने लिहिली होती. सगळी भिस्त तिच्यावर.

ऑफिसातून आल्यावर मी आठवडाभर तेच करत बसले. कुणाचा आवाज स्पष्ट, कुठे स्क्रिप्ट जशीच्या तशी चालते, सगळ्याचा तक्ता केला. शुक्रवारी मी भांडी घासत होते, तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरने त्यानेच मित्रांना लिहिलेलं खणखणीत वाचलं, "घरात एक बाई आहे, तिच्याकडून करून घेतोय."

बाई! आईबाबा गेल्यापासून याच्यापायी मी लग्न केलं नाही, आणि मी बाई! तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या क्लायंटमध्ये एक खोट होती. वर दुसरी विंडो उघडली की स्क्रिप्ट थांबायची. तक्ता वाचून दाखवताना ती ओळ मी गाळली.

"हाच घे, डोळे झाकून," म्हणाले. तोही हसला.

रविवारी दुपारी, ऐन लढाईत, मी त्याच्या खांद्यावरून हात घालून माउस ओढला.

"विजेचं बिल बघायचंय."

"ताई, आत्ता नको! अगं, मरेन मी!"

"दोनच मिनिटं."

बिल बंद केलं तेव्हा कॉम्प्युटर म्हणाला, "तुमचा मृत्यू झाला आहे. नाव पुसण्यात आले."

"स्क्रिप्ट का नाही चालली?" त्याने विचारलं.

"मला काय कळतंय? मी बाई."

त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर त्याने कीबोर्डला हात लावलेला नाही. आता मी घरात जाईन तिथे भिंत चाचपडत मागे येतो आणि विचारतो, "काय करतेस?"

"कपड्यांच्या घड्या."

"आणि मग?"